स्लॅब खंय जातलो?

(कणकवलीत 15 सप्टेंबरच्या अभियंता दिनाला दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. विषय: ‘साइटवरच्या नोंदी आणि कामाचं नियोजन: कागदाकडून डिजिटलकडे’.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? गणपतीला गावी गेलेली माणसं तुमच्यापैकी निम्म्यांच्या साइटवर अजून परतलेली नाहीत, म्हणूनच आज या खुर्च्या भरल्यात, हे मला ठाऊक आहे.

पत्रिकेत विषय लांबलचक छापलाय, पण माझं म्हणणं एका ओळीचं आहे. जे काँक्रिटखाली जाणार, त्याची नोंद काँक्रिट पडायच्या आधी, तिथेच, आणि ज्याच्या हातून काम झालं त्याच्याच हातून व्हायला हवी. वहीत की मोबाइलमध्ये, हा त्याच्या पुढचा प्रश्न. आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो. अ‍ॅप घेतो, वर्षाचे पैसे भरतो, ऑफिसात एक नवा पोरगा बसवतो. तो शनिवारी संध्याकाळी आठवड्याभराची हजेरी, सिमेंटच्या गोणी, हवामान, सगळं एका बैठकीत भरून टाकतो. सहाही दिवस ‘हवामान स्वच्छ’. जुलै महिना, साइट वेंगुर्ल्यात!

आज विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. खडकवासल्याला 1903 साली त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजा आपोआप उघडायचा. शनिवारी कोणी रजिस्टर भरून त्याला कळवत नव्हतं. हे मनात ठेवा, मी परत येतो तिकडे. वेळ राहिला तर.

आता एक गोष्ट सांगतो. काहींनी ती आधी ऐकली असेल, त्यांनी आत्ताच चहाला जायला हरकत नाही.

1999 साल. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. कुडाळ तालुक्यात एका शाळेच्या दोन खोल्या बांधत होतो. मे संपत आलेला, आणि मिरगाआधी स्लॅब पडायलाच हवा होता. नाहीतर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. सळई बांधून तयार. ज्यांनी तपासून पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रिट टाकायच्या परवानगीच्या कार्डावर, सही करायची ते साहेब काही आले नाहीत. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर म्हणाले, ‘टाका तुम्ही, सही नंतर करतो.’ ‘सही नंतर करतो’ या तीन शब्दांत आपल्या धंद्याचा अर्धा इतिहास येतो. 28 मेला आम्ही स्लॅब टाकला. मिक्सर दोनदा बंद पडला, रात्री साडेनऊला शेवटचं घमेलं ओतलं, मग गूळ-खोबरं.

जूनच्या पहिल्या वादळात शेडचा पत्रा उडाला आणि माझ्या साइट डायरीचं पिठलं झालं. शाईचं पेन वापरायची हौस होती मला. पानं सुकवली तेव्हा अक्षरांच्या जागी निळे ढग उरले होते.

सप्टेंबरात बिल लावलं. मधल्या काळात साहेब बदलून गेले होते. नवे आले, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मुख्य सळई 8 इंचावर आहे, नकाशात 6 इंचावर दाखवलीय.’ बघा, ही काही किरकोळ गोष्ट नाही. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबला 10 मिमीची सळई 150 मिमीवर टाकली तर एका दिशेला साधारण 667 मीटर लागते, वजन 411 किलो. 200 मिमीवर टाकली तर 500 मीटर, 308 किलो. म्हणजे चौथा हिस्सा लोखंड कुणाच्या तरी खिशात. त्यांचा संशय वाईट नव्हता, मी फक्त चुकीचा माणूस होतो. पण दाखवू काय? निळे ढग?

आमचे मुकादम बाजूला उभे होते. चौथी शिकलेले, तंबाखू मळत. म्हणाले, ‘सायबानू, वही भिजली तर भिजली. स्लॅब खंय जातलो?’ (स्लॅब कुठे जाणार?)

आणि त्यांनी पिशवीतून दाढीचा आरसा काढला.

झालं होतं असं. सळई अंथरायच्या आधी ते सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याच्या, प्लायवर गेरूने अंतराच्या खुणा मारायचे, आणि कोपऱ्यात तारीख, सळईचा व्यास, अंतर लिहून ठेवायचे. काँक्रिटने तो गेरू प्लायवरून उचलून घेतला होता. छताला अजून प्लास्टर झालं नव्हतं. वर पाहिलं तर फिकट तांबड्या खुणा, आणि कोपऱ्यात उलटी अक्षरं. आरसा धरला की सरळ वाचता येत होतं: ‘27 मे, 10 मिमी, 6 इंच.’ साहेब मान वर करून, हातात आरसा धरून दहा मिनिटं छत वाचत होते. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं पहिलं क्लाउड स्टोरेज ते.

टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपली नाही. साहेबांनी आरसा परत दिला आणि म्हणाले, ‘खूण म्हणजे सळई नव्हे.’ तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. आज म्हणतो, बरोबर बोलले. खुणा 6 इंचावर मारून सळई 8 इंचावर टाकता येतेच की. शेवटी दोन ठिकाणी छत फोडून पाहिलं. सळई 6 इंचावर निघाली, एका जागी सव्वासहा. बिल शिमग्याला निघालं.

पण फोडल्यावर दुसरंच दिसलं, आणि ते मी बरीच वर्षं गोष्टीतून गाळत होतो. कव्हर, म्हणजे सळईखालचं काँक्रिटचं आवरण, नव्हतं. एका जागी सळईखाली माझ्या करंगळीच्या नखाएवढं काँक्रिट. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक त्या टोकाला पोचलेच नव्हते, आणि वर उभा राहून मी ते पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी आयएस 456, काँक्रिटचं भारतीय मानक, नव्याने आलं. किनाऱ्यावरच्या उघड्या हवेतल्या काँक्रिटला त्यात ‘सिव्हियर’ गटात घातलंय: किमान एम 30 दर्जाचं काँक्रिट आणि 45 मिमी कव्हर. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रिटचा पापुद्रा काढते, हे इथल्या प्रत्येकाने आपल्याच घराच्या गॅलरीत पाहिलेलं आहे.

तर त्या दिवशी मोजपट्टी लावून काढलेला एक फोटो असता, तर माझं बिल सहा महिने आधी निघालं असतं आणि माझी चूकही त्याच फोटोत पकडली गेली असती. डिजिटल नोंद साइटवर रुजत नाही याचं कारण मला रेंज वाटत नाही. रेंजसाठी सड्यावर, वरच्या उघड्या माळावर, चढायची आपल्याला सवय आहे. मुकादमाला येत नाही हेही खरं नाही, तो दिवसभर व्हिडिओ बघतो. खरी नोंद आपल्यालाही धरते, म्हणून ती शनिवारवर ढकलली जाते.

कोणीतरी विचारणारच, कोकण रेल्वे काय अ‍ॅपवर बांधली? नाही. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा काढला आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा साइट इंजिनिअरच्या खिशात मोबाइल नव्हता. उलट मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, आणि या काळात आपल्या हातातले चार फोन बदलले. हसताय, पण तुम्ही त्याच रस्त्याने आलात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. खाली ‘वडे तयार’ असंही लिहिलंय. म्हणजे पाचच धरा. पत्रिकेतला विषय आता पळत पळत.

पोअर कार्ड मोबाइलवर घ्या. चार फोटो आल्याशिवाय ते पुढे सरकूच नये: सळईचं अंतर मोजपट्टीसह, कव्हर ब्लॉक, बीमचा सांधा, टेकू. फोटो मुकादम काढेल आणि त्याच्या भाषेत बोलून नोंद करेल, इंग्रजी रकाने भरायला लावू नका. रेंज नसताना फोनमध्ये साठून नंतर वर जाणारं अ‍ॅपच घ्या. हाच तो खडकवासल्याचा दरवाजा: कार्ड अपुरं तर मिक्सर सुरू नाही.

नकाशा एकाच जागी ठेवा. गेटवर क्यूआर कोड लावा, स्कॅन केला की ताजी आवृत्तीच उघडली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच घ्या’ अशा तीन फाइली फिरतात आणि जिना चौथ्याच बाजूला उभा राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुरावा म्हणून ठेवू नका. तो दाबून लहान होतो, आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती गळून जाते. मूळ फाइल जपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे, त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा, द्यावा लागतो. आणि रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी तुमची. तुमचा फोन टिकेल पाच वर्षं?

क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरून ठेवलेले काँक्रिटचे ठोकळे. 30 घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. नऊही क्यूब एकाच घमेल्यातून भरणारे महाभाग या सभागृहात आहेत, मी नावं घेत नाही. क्यूबवर नंबर घाला आणि 7 व्या, 28 व्या दिवशी फोनवर आठवण लावा.

वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर घेतलंत तर त्याच्या कॅलेंडरमध्ये आधी पाऊस, गणपती, शिमगा आणि आंब्याचे दोन महिने घाला. नाहीतर ते तुम्हाला जूनमध्ये पाया खणायला सांगेल. आणि मोजमाप पुस्तक डिजिटल करताना त्याची जुनी शिस्त सोडू नका: पान फाडायचं नाही, खोडलेलं दिसलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आधीचा आकडा गुपचूप पुसू देणारं अ‍ॅप फुकट मिळालं तरी नको.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे मी बसतो. परवा पाऊस उघडला तर माझा एक स्लॅब आहे, सकाळी सातला. कार्ड कसं भरतो ते बघायला या. सडा संपला की वडाकडून डावीकडे वळा. मॅप उजवीकडे दाखवेल, तिकडे गेलात तर चिरेखाण लागते.