स्तोत्र १३७ चं शेवटचं वचन आपण का गाळतो?

जय ख्रिस्त, मंडळी!

आज बायबलमधलं स्तोत्र १३७ उघडा. बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि सीयोनाच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडलो, ही सुरुवात आपल्याला पाठ आहे. वाळुंजांच्या झाडांवर टांगलेल्या वीणांची चित्रं आपण संडे स्कूलमध्ये रंगवली आहेत. पण हे स्तोत्र तिथे संपत नाही. नऊ वचनं आहेत त्यात, आणि नववं वचन बाबेलला म्हणतं: तुझी तान्ही बाळं धरून जो खडकावर आपटेल, तो धन्य.

हे आपल्या पवित्र शास्त्रात आहे. ज्या शास्त्रावर हात ठेवून आपण शपथ घेतो, जे बाळाच्या बाप्तिस्म्याला भेट देतो, त्याच शास्त्रात.

आपण काय करतो? सहाव्या वचनाला थांबतो. मी फक्त आपल्या मराठी मंडळ्यांबद्दल बोलत नाहीये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, कॅथलिक चर्चने रोजच्या प्रार्थनांचा ग्रंथ नव्याने तयार केला, त्यात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण गाळली, आणि १३७ ची शेवटची तीन वचनंही. सगळे मिळून मोठ्याने म्हणताना लोकांना ती जड जातात, हे कारण मला समजतं. भर उपासनेत, समोर लहान मुलं बसलेली असताना, ते वचन कसं वाचायचं हा प्रश्न खरा आहे. पण घरी, एकट्याने वाचतानाही ते गाळलं, तर फार मोठी गोष्ट आपल्या हातून सुटते असं माझं ठाम मत आहे.

आधी हे कोण बोलतंय ते बघू.

इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडलं. वेढा लांबला होता, शहरात खायला अन्न उरलं नव्हतं. दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा २५ वा अध्याय वाचा. सिद्कीया राजा पळताना पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं, आणि मग त्याचे डोळे काढले. म्हणजे त्या माणसाने शेवटचं जे पाहिलं ते आपल्या मुलांचं मरण. मंदिर जाळलं, तट पाडला, माणसं बाबेलला नेली. आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला, त्या बाबेलचे अवशेष आहेत. तिथे मातीच्या पाट्या सापडल्या, सरकारी कोठारातल्या नोंदींच्या. कोणाला किती तेल दिलं याचा हिशोब. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन याचं नाव आणि त्याच्या मुलांचा उल्लेख आहे. सिद्कीयाच्या आधी पाडाव करून, म्हणजे कैद करून, नेलेला हाच तो राजा. तेव्हा नदीकाठी रडणारी ही माणसं कवीच्या कल्पनेतली नाहीत, परक्यांच्या कोठारातून शिधा मोजून घेणारी माणसं आहेत.

आता आठवं वचन बघा. तू आमच्याशी जसं वागलीस, तशी परतफेड तुला करणारा धन्य. जसं वागलीस, तसं. नवव्या वचनातली बाळं कुठून आली ते इथे कळतं. गाणाऱ्याने ही गोष्ट मनाने रचलेली नाही. यरुशलेमात त्याने ती पाहिली आहे. कदाचित स्वतःच्या घरात.

आपल्या मराठीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, १९२२ साली देवाघरी जाण्याआधी. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई. स्तोत्र १३७ पाशी आल्यावर त्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांच्या मुक्तीत उपाशी, टाकून दिलेल्या मुली वाढत होत्या, आणि हे वचन त्यांना मराठीत लिहायचं होतं. त्यांनी ते लिहिलं.

ख्रिस्ती लोकांनी या वचनाशी झुंज घेतली ती फार पूर्वीपासून. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन आणि नंतर संत ऑगस्टीन यांनी एक अर्थ सांगितला: बाबेलची बाळं म्हणजे आपल्या मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट इच्छा. त्या मोठ्या होण्याआधीच खडकावर आपटा, आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने ख्रिस्ताला खडक म्हटलंच आहे. हा अर्थ शेकडो वर्षं लोकांच्या उपयोगी पडला. राग मनात आला त्याच क्षणी तो प्रभूकडे न्यायचा, ही शिकवण मलाही उपयोगी पडते. पण घाईघाईने थेट तिथे उडी मारली की खरी बाळं दिसेनाशी होतात. यरुशलेमची आणि बाबेलचीसुद्धा. म्हणून हा अर्थ मी नंतर घेते, आधी नाही.

आधी काय? मी जे पाहिलं ते सांगते.

आमच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, एक काकू येतात. मध्य मुंबईतली त्यांची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. बिल्डर सुरुवातीला घरभाडं वेळेवर द्यायचा, मग उशिरा, मग बंद. इमारत पायाच्या वर आलीच नाही. काका भाड्याच्या खोलीतच वारले. काकूंच्या पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहितेच्या पानांत खूण म्हणून एक कागद असतो, बाउन्स झालेल्या भाड्याच्या चेकची झेरॉक्स. घड्या पडून पडून मधली अक्षरं उडाली आहेत.

एका मीटिंगला प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली आणि त्या म्हणाल्या, "प्रभू, त्याच्याही पोराबाळांना असंच दारोदार फिरव."

खोलीत कोणी आमेन म्हणेना. एका बंधूंनी चटकन स्तुतीचं गीत सुरू केलं, टाळ्यांसकट. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तिसरं वचन आठवा. आम्हाला पाडाव करून नेणारे म्हणाले, सीयोनेचं एखादं गीत गाऊन दाखवा. दुखावलेल्या माणसाकडे गाणं मागणारे या स्तोत्रात कोण आहेत? आपण नेहमी स्वतःला नदीकाठी रडणाऱ्यांमध्ये बसवतो. त्या खोलीत त्या दिवशी आम्ही बाबेलच्या बाजूला बसलो होतो.

ज्यांच्या घरी मीटिंग होती त्या आजींनी हात वर करून गाणं थांबवलं. १३७ काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सावकाश, काहीही न गाळता. नववं वचन आलं तशा काकू म्हणाल्या, "नाही हो. एवढं नको."

मला या स्तोत्राचं काम तिथे कळलं. रागाला पूर्ण बोलू दिलं, तेव्हा राग कुठवर जातो ते काकूंना दिसलं, आणि त्यांनी स्वतःहून पाऊल मागे घेतलं. आम्ही गप्प केलं असतं तर ती प्रार्थना त्यांनी घरी जाऊन मनातल्या मनात चालू ठेवली असती. म्हणून सांगते, मंडळी, अशी प्रार्थना कोणाच्या तोंडून आली तर दचकू नका. सातव्या वचनात गाणारा म्हणतो, हे परमेश्वरा, आठव. त्याने हातात दगड घेतलेला नाही, मनातलं सगळं देवासमोर ओतलं आहे. पुढे काय करायचं ते देवाच्या हाती.

आता याच बाबेलबद्दल यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय काढा. पाडाव झालेल्यांना त्याने पत्र पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, लेकरं होऊ द्या, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा. ज्या बाबेलसाठी प्रार्थना करा असं एक पान सांगतं, तिलाच दुसरं पान शाप देतं. शास्त्राने दोन्ही जपली, एकाने दुसरं पुसलं नाही. ज्याला आज फक्त शाप सुचतोय त्यालाही जागा आहे, आणि ज्याला प्रार्थना जमायला लागली आहे त्यालाही.

आणि ख्रिस्त कुठे आहे यात? लूकचा १९ वा अध्याय, वचन ४१ पासून. प्रभू येशू यरुशलेमजवळ येतो, शहर पाहतो आणि रडतो. म्हणतो, तुझे शत्रू तुला चहूकडून वेढतील, तुला आणि तुझ्या मुलांना जमिनीवर आपटतील. स्तोत्र १३७ मधलंच चित्र आहे हे. तिथे सूडाने मागितलेलं, इथे रडत सांगितलेलं. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते शहर आणि मंदिर खरंच पाडलं. त्या नवव्या वचनावर रडणारा कोणी असेल तर तो आपला प्रभू आहे. त्याच्या स्वतःच्या जन्मानंतर बेथलेहेमात हेरोदाने बाळं मारली, त्याच्या आईबापांना त्याला घेऊन रातोरात मिसरात पळावं लागलं. मारायला शोधलं जाणारं बाळ होता तो. आणि वधस्तंभावर त्याने एका स्तोत्राचेच शब्द उच्चारले, २२ व्याचे: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

म्हणून मी १३७ आता येशूच्या शेजारी बसून वाचते. माझा राग तो ऐकून घेतो, यरुशलेमच्या आईचा हंबरडाही ऐकतो. पण बाबेलच्या बाळावर हात उचलायला गेले, तर त्या बाळाच्या बाजूलाही तोच उभा असतो, आणि मला तिथून पुढे जाता येत नाही. बापा, त्यांना क्षमा कर, हे शब्द मला लगेच जमत नाहीत. ज्याला ते जमले त्याच्यासमोर खरं बोलणं मात्र जमतं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर या आठवड्यात एका रात्री १३७ पूर्ण वाचा, मोठ्याने. ज्याने तुमचं नुकसान केलं त्याचं नाव देवासमोर घ्या, जसं वाटतं तसं. मग लगेच क्षमेचं गीत म्हणू नका, थोडं थांबा आणि लूक १९:४१ ते ४४ वाचा. आणि ज्यांना आज कोणावरच राग नाही, त्यांनी आपल्या ओळखीतल्या कोणासाठी तरी वाचा, ज्याचं घर गेलं, ज्याचं माणूस गेलं.

पुढच्या भागात स्तोत्र ८८. ते तर अंधारातच संपतं, आणि त्याचाही शेवट आपण गाळणार नाही. तोवर तुमच्या मंडळीत १३७ कुठपर्यंत वाचतात, आणि का, ते मला खाली लिहून कळवा. मी प्रत्येकाचं वाचते.