सतारीच्या तारेवर रॉक

मंडळी, मिरज म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात: दवाखाने आणि तंबोरे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या गावात राहिले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाण्याच्या बैठका होतात. त्याच गावात 1990 नंतरच्या काही वर्षांत आम्ही चार पोरं रॉक बँडच्या नादी लागलो होतो. केबल आली, एमटीव्ही दिसायला लागला, केस वाढवले, घरी बोलणी खाल्ली. हा भाग सगळ्यांचा सारखाच असतो, त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते आमच्या आवाजाबद्दल. कारण तो आमच्या मर्जीनं घडला नाही. घडवला सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीनं आणि स्पीकरवाल्यानं.

गिटार लावायला ट्यूनर कुठला? घरातली पेटी. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे पेटीवर कशा येतात बघा: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत वरची तीन. एकही काळी पट्टी नाही. आमच्या मातोश्री भजनाला बसल्या की पेटी तिकडे, आणि आमची तालीम बंद. शिवाय गाणी बसवायची कॅसेटवरून, आणि टेपरेकॉर्डर जरा जोरात पळणारा. त्यामुळे गाणं पांढरी तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी लटकलेलं. मग पेटी बाजूला ठेवून टेपवरच गिटार लावायची. घरी हे खपून जायचं. पुढे कीबोर्डवाला सोबतीला आला की पहिल्याच सुराला सगळ्यांची तोंडं वाकडी.

तारांचं दुखणं वेगळंच. पहिली, सगळ्यात बारीक तार सारखी तुटायची, आणि नवा सेट आणायचा तर मुंबई गाठा. गल्लीतल्या एका चाचांनी त्यावर तोड काढली. तुटलेल्या तारेच्या टोकाची ती पितळी गोळी असते ना, ती जपून ठेवायची. सतारीची पोलादी तार तिच्यातून ओवायची आणि पीळ देऊन घट्ट करायची. तार किंचित जाड, बोटं सोलून निघायची, पण टिकायची मात्र. गल्लीतल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांपासून ती माणसं वाद्यांकडे वळली. पोलादाशी त्यांची ओळख आमच्यापेक्षा बरीच जुनी.

आता स्पीकरवाला. त्याच्याकडे सभेला लागतात तसले भोंगे आणि एक अॅम्प्लिफायर. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, आम्ही थेट माइकच्या सॉकेटमध्ये खुपसायचो. पिकअपचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी पट मोठा. तो आत मावायचा नाही, लाटेची टोकं छाटली जायची, आणि लोक पेडल विकत घेऊन जी घरघर आणतात ती आम्हाला फुकटात मिळायची. फक्त त्या घरघरीत सा-ग-प असा पुरा कॉर्ड धरला की सगळा गिचका. सा-प एवढंच धरलं तर सणसणीत वाजायचं. रॉकवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. असं का होतं हे मला फार नंतर समजलं. आवाज असा छाटला की मूळ दोन सुरांमधल्या फरकाचाही एक सूर तयार होतो. सा सेकंदाला 200 कंपनांचा धरला तर प जवळजवळ 300 चा, फरक 100, म्हणजे पुन्हा खालचा सा. पण गिटारच्या पडद्यावरचा ग येतो 252 च्या आसपास. त्यातून 200 गेले की 52 उरतात, आणि त्यांना त्या सप्तकात कुठे जागाच नाही.

चाचांना या आकडेमोडीची गरज पडली नाही. एकदा तालमीला येऊन उंबऱ्यातच उभे राहिले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, हा तर तंबोराच लावलायस तू. पण जवारी लई उघडी झालीय. जरा बंद कर." तंबोऱ्याच्या घोडीवर तार निसटती घासते, म्हणून वरचे सूर फुलतात, हीच जवारी, आणि ते किती फुलवायचे हे कानस मारणाऱ्याच्या हातात असतं. आमच्याकडे कानस नव्हती, ट्रेबलचं बटण होतं. ते मी निम्म्यावर आणलं आणि गिटार पहिल्यांदा गिटारसारखी ऐकू आली. संगीतावरची एवढी कामाची टीका मला पुढे कुणाकडून मिळाली नाही.

ड्रमर बेंजो पार्टीतला. हात भक्कम, पण चार ठोके सरळ मारायचे म्हटलं की तिसऱ्या आवर्तनाला केरव्याचा ठेका आलाच. आम्ही तो राहू दिला. गणपतीत एका मंडळापुढे वाजवलं तेव्हा पब्लिक हललं ते त्या केरव्यावरच, आमच्या इंग्रजी शब्दांवर नव्हे. शब्द तसेही कॅसेटवरून कानाला जसे लागतील तसे घेतलेले. मानधन म्हणून नारळ मिळाला.

बेसचं, म्हणजे खर्जाच्या साथीचं, राहिलंच. बेस गिटार परवडणारी नव्हती, म्हणून आमचा एक मित्र साध्या गिटारच्या खालच्या सुरांच्या चार तारांवर बेस वाजवायचा. सभेचे भोंगे माणसाच्या बोलण्यासाठी केलेले, खर्ज त्यांतून बाहेर पडतच नाही. घरची मंडळी त्याला विचारायची, "तू नक्की वाजवतोस काय?" पुढे नोकऱ्यांपायी आम्ही पांगलो. मागे पुण्यात एकदा भाड्याच्या स्टुडिओत चौघं जमलो. खरी बेस गिटार, दणदणीत स्पीकर. पहिलं गाणं सुरू केलं, आणि अर्ध्यातच तिघांनी हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पठ्ठ्या भलतंच गाणं वाजवत होता.