लॉबीतला बोर्ड

(करी रोड स्टेशन, पहाट. पुलावरून उतरणाऱ्या बायका.)

पावणेसहा वाजलेत. कळवा-दिव्याहून आलेल्या या बायका पूल उतरून टॉवरकडे चालल्यात. ऑफिसवाले येणार साडेनवाला. तोवर लादी चकाचक हवी.

(मागचं गेट. सर्व्हिस लिफ्ट. आयडी कार्ड, जवळून.)

कार्डावरचं नाव बघून ठेवा. ते टॉवरमधल्या कंपनीचं नाही, कॉन्ट्रॅक्टरचं आहे. मावशी नऊ वर्षं इथे पुसतायत, पण कागदोपत्री त्या इथल्या नाहीत.

(गिरणीची चिमणी. तीन कोनांतून.)

टॉवरच्या जागी गिरणी होती. चिमणी शोभेला ठेवलीय, आणि दिसते छान म्हणून आम्हीही ती जरा जास्तच दाखवतोय. मावशींचे सासरे इथेच साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या लढ्याच्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या.

(लॉबी. स्टीलच्या फ्रेममधला बोर्ड.)

हा आपला बोर्ड. मजकूर इंग्रजी, खाली समितीची नावं आणि ई-मेल. मावशी तो रोज आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसतात. कशाचा आहे? "पॉशचा. ऑफिस पॉश आहे ना."

पॉश हे २०१३ च्या कायद्याचं बोलीतलं नाव. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा.

(राजस्थानचा नकाशा. जुनी छायाचित्रं.)

भंवरीदेवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन, म्हणजे गावातली कार्यकर्ती. बालविवाह थांबवणं हे त्यांच्या कामातच होतं. १९९२ साली त्याच कामाचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या त्या निराळा प्रश्न घेऊन: काम करताना बाईला धोका असेल, तर तिला कामाला लावणाऱ्याची जबाबदारी कोणती? १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला; त्यांच्यातल्या 'विशाखा' संघटनेवरून तो विशाखा निकाल. कायदा होईपर्यंत ही मार्गदर्शक तत्त्वं पाळा, असं कोर्टाने सांगितलं. 'होईपर्यंत' म्हणजे सोळा वर्षं.

जिला ऑफिसच नव्हतं अशा बाईपासून हे सुरू झालं.

(पुन्हा बोर्ड. कॅमेरा ओळींवरून सरकतो.)

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्षपदी वरच्या हुद्द्यावरची बाई, किमान निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य कंपनीबाहेरून. बोर्ड ठळक जागी लावायचा, हेही कायद्यातच. नाही पाळलं तर पन्नास हजारांपर्यंत दंड. या लॉबीतल्या सोफ्याची किंमत आम्ही विचारली नाही.

आणि कर्मचारी कोण? रोजंदारीवरची, शिकाऊ, कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेली, सगळ्या. म्हणजे कार्डावर नाव कुणाचंही असो, ही समिती मावशींचीही आहे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, लेखी, सहा प्रतींत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम. ही शेवटची ओळ बोर्डावर नाही.

(कॉन्फरन्स रूम. प्रोजेक्टर, हशा, समोसे.)

हे ट्रेनिंग. इंग्रजी स्लाइड, शेवटी पाच प्रश्न, सर्टिफिकेट मेलवर. आता काचेच्या दाराबाहेर बघा. चहाची ट्रॉली घेऊन दोघी उभ्या आहेत, आतलं आटपायची वाट बघत. आम्हालाही त्या एडिटिंगला बसल्यावरच दिसल्या.

(लॉबीतला टीव्ही. झाडं लावणारे टी-शर्टवाले.)

ही कंपनीची सामाजिक जबाबदारी. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, कंपनी कायदा, कलम १३५. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यापुरता खर्च यात धरत नाहीत. कंपनीच्या लेखी मावशी तर कर्मचारीही नाहीत. टीव्ही मात्र त्याच पुसतात.

(सर्व्हिस लिफ्टजवळची जागा. उघडे डबे.)

जेवणाच्या सुट्टीत समितीतली ती बाहेरची सदस्य इथे येऊन बसली आणि तिने कायदा मराठीत सांगितला. मावशींचा पहिला प्रश्न, "सुपरवायझर कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी?"

"तरीही."

(मावशींचा चेहरा. निवेदन नाही.)

पुढच्या महिन्यात एका मुलीने तक्रार दिली. सुपरवायझरला हलवलं, मुलीचीही साइट बदलली. चौकशी कायद्यानेच गोपनीय असते, त्यामुळे तिथलं काही चित्रित नाही.

(लॉबी, सकाळ.)

बोर्डाखाली आता एक कागद आहे, हाताने मराठीत लिहिलेला. एका कोपऱ्यात सेलोटेप सुटलीय. मावशी फ्रेम पुसतात ओल्या फडक्याने, कागद कोरड्याने. शाई पसरते.

(सर्व्हिस लिफ्टचं दार बंद होतं.)