मागच्याचं डिझेल

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘इंधनतज्ज्ञ’ असं छापलंय, ते मनावर घेऊ नका. मी एस.टी.त २९ वर्षं काढली. पहिली अकरा गाडीवर, पुढची चालकांना शिकवण्यात. आमच्याकडे डेपोत एका आकड्यावर सगळ्यांचा डोळा असायचा, केपीटीएल. म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर पळाली. पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास पडलं तर कुणी काही बोलत नसे. त्याच्या खाली घसरलं की चालकाला बोलावणं यायचं, आणि तो टोपी हातात घेऊन बहुतेक वेळा एकच सांगायचा, “साहेब, मी नीटच चालवली हो, पुढच्यांनी चालवू दिली नाही.” आम्ही मान डोलवायचो आणि वहीत ‘चालकास समज दिली’ असं लिहायचो.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःची छोटी गाडी घेतली. सहा-सात महिन्यांत लक्षात आलं की तो खरं बोलत होता. आणि तो ‘पुढचा’ म्हणजे आता मीच होतो.

आज तेवढंच सांगायला आलोय. इंधन वाचवायचे सल्ले तुम्हाला पाठ आहेत. १९७८ पासून पेट्रोलियम संवर्धनवाली मंडळी पंपांवर पाट्या लावून सांगतायत, टायरमध्ये हवा बघा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. सगळं बरोबर आहे. पण ते सगळं आपल्या टाकीपुरतं. माझ्या गाडीमुळे दुसऱ्याच्या टाकीतलं किती जातं, याची पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

एक प्रसंग सांगतो. खंबाटकी घाट. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आपण घाट चढायचो, आणि येणाऱ्या गाड्या बोगद्यातून यायच्या. म्हणजे घाटाचा रस्ता फक्त चढणाऱ्यांचा. मी एका नव्या चालकाला घेऊन निघालो होतो. गाडी भरलेली, काही माणसं उभी. पोरगा चांगला होता. चढ सुरू व्हायच्या आधी वेग घेतला, वेळेवर गिअर उतरवला आणि दुसऱ्यात गाडी एका लयीत चढवत होता. इंजिनाचा आवाजच सांगतो, पोटातनं येतो तो. मागनं एक मोटार आली, आमच्या पुढे कट मारून घुसली आणि वळणावर थांबली. का? तर माकडं. मुलाला माकडांना केळी द्यायची होती. खिडकीतनं केळं बाहेर, माकडं बॉनेटवर, आत सगळे हसतायत.

आमची एस.टी. उभी. तिच्या मागे टँकर उभा. त्याच्या मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, तोही उभा. ट्रॅक्टरवाल्याचा माणूस उडी मारून खाली उतरला आणि त्यानं ट्रॉलीच्या चाकाखाली दगड घातला. मिनिटभरानं मोटार निघून गेली. आता आम्ही पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा, हाफ क्लचवर गाडी उचलायची. क्लच प्लेटचा जळका वास आत आला तेव्हा उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “काय जळतंय रे बाबा?” पोरगा म्हणाला, “केळी, आजी.”

आता हिशोब. मुलगी इंजिनिअर आहे, तिच्याकडून तपासून घेतलाय. घाटाचा नको, सपाट रस्त्याचा करू, तो सोपा आहे. चाळीस टनांचा भरलेला ट्रक ताशी ५४ किलोमीटरने चाललाय. तो पुरता थांबला आणि पुन्हा त्याच वेगाला आला, तर नुसता गेलेला वेग परत मिळवायला साधारण ३५० मिली डिझेल जातं. चहाच्या टपरीवर मिळतो तो कप धरलात तर चार कप. आजच्या भावाने तीस रुपये. भरलेली एस.टी. पंधरा टनांची धरली तर १३० मिलीच्या आसपास. आणि तुमची-माझी बाराशे किलोची मोटार? पेट्रोलचे वीस मिलीसुद्धा नाहीत. दोन रुपयांच्या आत.

म्हणजे मला ब्रेक दाबायला लागू नये म्हणून मी ट्रकपुढे कट मारला, तर माझे दोन रुपये वाचले आणि त्याचे तीस गेले.

इथे कुणीतरी म्हणतोच, “अहो, पूर्ण कुठे थांबवलं? जरा हळू करायला लागलं, एवढंच.” या ‘जरा’त मोठी फसगत आहे. गाडीतली ताकद वेगाच्या वर्गाने बदलते. ५४ वरून २७ वर आणलं तर वेग अर्धा झाला, पण ताकद तीन चतुर्थांश गेली. ती ब्रेकच्या लायनरमध्ये गरम होऊन वाऱ्यावर जाते. परत आणायची तर टाकीतनंच आणावी लागते.

आपल्या जुन्या माणसांना हे आकडे माहीत नव्हते, गोष्ट माहीत होती. १९८९ च्या वाहतूक नियमांमध्ये एक कलम होतं. डोंगरी, अरुंद रस्त्यावर दोन गाड्या सहज जाऊ शकत नसतील तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. वरंध किंवा ताम्हिणी घाटात अरुंद जागी समोरासमोर आलात तर भांडू नका, तुम्ही उतरताय का चढताय ते बघा. उतरणाऱ्याला पुन्हा निघायला ब्रेक सोडला की झालं. चढणारा एकदा थांबला की त्याला सगळं पहिल्यापासून. सुरक्षेसाठी हा नियम आहेच, पण मला तो डिझेलचाही वाटतो. लायसन्सच्या परीक्षेला तो कुणी फारसा विचारत नाही, हा भाग वेगळा.

मुलीनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जपानातल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. २३० मीटरचा गोल आखला, त्यात २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी तीसच्या आसपास एकसारखं चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. थोडा वेळ सगळं छान. मग कुणाचं तरी जरा अंतर कमी झालं, त्यानं ब्रेक लावला, मागच्यानं त्याहून थोडा जास्त लावला, त्याच्या मागच्यानं आणखी. बघता बघता एक-दोन गाड्या पूर्ण थांबल्या. आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट्या दिशेने, ताशी वीस किलोमीटरने मागे सरकत राहिली. मी तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. पुण्यात हडपसरला रोज संध्याकाळी फुकट दिसतं हे, पण वरून बघितलं नव्हतं.

त्याच्याच पुढचा प्रयोग अमेरिकेत अॅरिझोनात झाला, २०१८ मध्ये छापून आला. गोल तसाच, वीस-बावीस गाड्या, पण त्यातली एकच गाडी संगणकाने चालवलेली. ती काय करायची? काही नाही. पुढे जागा मोकळी झाली की धावत जायची नाही, सगळ्यांचा मिळून जो वेग पडतोय त्या वेगाने शांत चालायची. एका गाडीमुळे लाट विरली आणि सगळ्या गाड्यांचं मिळून इंधन चाळीस टक्क्यांपर्यंत कमी लागलं. चाळीस! एवढी बचत माझ्या हातून दाखवली गेली असती तर आगारप्रमुखांनी मला खांद्यावर घेतलं असतं.

तेव्हा गर्दीत पुढच्याच्या बंपरला नाक लावून चालवू नका. पुढे दोन-तीन गाड्यांएवढी जागा ठेवली की पुढच्याचे धक्के तुमच्यात जिरतात, मागे पोचत नाहीत. मला माहीत आहे, आपल्याकडे जागा ठेवली की रिक्षा घुसते. घुसू द्या. ती घुसते तेव्हा ब्रेकवर पाय जात नाही, नुसता एक्सलेटरवरचा पाय उचलला तरी भागतं. मागच्याला तुमचा लाल दिवा दिसत नाही, हे महत्त्वाचं. एकाचा दिवा लागला की रांगेतले सगळे लागतात.

सिग्नलचं थोडक्यात. डावीकडे वळायला मोकळं असेल तिथे सरळ जाणाऱ्यानं डाव्या बाजूला जाऊन उभं राहू नये. मागे दहा जण दीड मिनिट इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवत बसतात. लाल दिवा लांबून दिसला तर आधीच पाय काढा, वेग असाच उतरू द्या. लाल दिव्यापर्यंत पळत जाऊन काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस थांब्यावरनं बाहेर निघायला बघत असेल तर तिला जाऊ द्या. आत पन्नास माणसं आहेत, तुमच्या गाडीत तुम्ही आणि डबा.

आता जे मला जास्त बोचतं ते. इंधन वाचवणाऱ्यांतही एक जात आहे जी दुसऱ्याचं जाळते. मी स्वतः त्यात होतो. सिग्नलला इंजिन बंद करायचो, चांगली सवय आहे. पण आकडे उलटे मोजत शून्य झालं की मग चावी फिरवायचो, मग गिअर, मग आरसा. तोवर हिरव्यातले पाच सेकंद गेलेले. माझे चार थेंब वाचले आणि मागचे दोघे-तिघे पुढच्या लाल दिव्यात अडकले. आकडा पाचवर आला की गाडी चालू करावी, एवढं साधं.

दुसरा प्रकार उतारावर न्यूट्रल. ट्रकवाले करतात, मोटारवालेही करतात. आजकालच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहतं. म्हणजे बचत नाहीच. आणि ट्रकवाला इंजिनच बंद करतो तेव्हा त्याच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की हवेच्या टाकीतली हवा संपत जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्यांचं नुकसान केलं. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एका माणसाला लिटर-दोन लिटर वाचवायचं होतं. त्या रात्री त्या रस्त्यावर अडकलेल्यांचा हिशोब कोण करणार?

वेळ संपत आलीय, पण समोरच्या काकांनी दोनदा हात वर केलाय. विचारा. … हं. काका म्हणतायत, “मी एक्सप्रेस वेवर पन्नासच्या वर जातच नाही, माझी गाडी बावीसचं अॅव्हरेज देते. मग माझं काय चुकलं?” काका, पन्नासचं काही चुकलं नाही. कुठल्या लेनमधनं? … उजव्या. मग ऐका. तुमच्या मागे शंभरने येणारा ब्रेक लावतो, पन्नासवर येतो, डिपर देतो, डावीकडनं निघतो, पुन्हा शंभर करतो. तुमच्या डाव्या बाजूचा त्याला जागा द्यायला ब्रेक लावतो. असं दर मिनिटाला एक जण तरी करत असेल. तुमचे बावीस खरे आहेत. पण पुढच्या वेळी पन्नासनेच जा, फक्त डावीकडनं जा. आणि साध्या रस्त्यावर आरशात मागे रांग दिसली तर एखाद्या मोकळ्या जागी बाजूला घ्या आणि हात दाखवा. आमचे जुने चालक घाटात असंच करायचे, आणि पुढे जाणारा एकदा हलका हॉर्न द्यायचा.

आणि काका, बावीस कसे मोजलेत? टाकी फुल करून, का डॅशबोर्डवर बघून? … डॅशबोर्डवर. मग आपण चहाला बोलू.