रंग न धरणाऱ्या पेशी

पडद्यावर दिसतोय तो पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीचा छेद. संप्रेरकं (हॉर्मोन) बनवणारी ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. शस्त्रक्रियेत, बहुधा नाकावाटे, गाठ काढली की तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे पेशी तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरकडे, येतो. त्याने सांगायचं असतं, ही गाठ कुठलं संप्रेरक बनवते?

विसाव्या शतकात बराच काळ हे रंगावरून ठरायचं. इओसिन या रंगद्रव्याने लाल झालेल्या पेशी अ‍ॅसिडोफिल. म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे अ‍ॅक्रोमेगॅली, वाढत जाणारे हात-पाय आणि पुढे येणारा जबडा. निळसर-जांभळ्या त्या बेसोफिल. मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये या पेशींचं नातं ज्या आजाराशी जोडलं, तो आज कुशिंग यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि रंगच न धरणाऱ्या त्या क्रोमोफोब. त्या काही स्रवत नाहीत, असं धरून चालायचे. पण सर्वाधिक गाठी नेमक्या याच खान्यात पडत! ज्या वर्गवारीत 'उरलेले' सर्वांत जास्त, ती वर्गवारी कच्चीच म्हणायची.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा खाना उघडला. त्यासाठी मिलिमीटरभराचा ताजा तुकडा लगेच ग्लुटराल्डिहाइडमध्ये, पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या रसायनात, टाकावा लागतो. टोरांटोच्या सेंट मायकेल्स हॉस्पिटलमध्ये कालमान कोव्हाक्स आणि इव्हा होर्व्हाथ यांनी अशा असंख्य गाठी वर्षानुवर्षं तपासल्या. रंगहीन पेशींतही कणिका होत्या, फक्त विरळ. संप्रेरक कणिकांत साठतं. पेशी काम करत होती, साठा करत नव्हती. काही गाठींत तर कणिका भलत्याच बाजूने, दोन पेशींमधल्या फटीत, बाहेर पडताना दिसल्या. ही प्रोलॅक्टिनच्या, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाच्या, गाठीची खूण. पाळी थांबलेल्या, बाळंतपणाशिवाय दूध येणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या 'निष्क्रिय' गाठी हेच बनवत होत्या. आज अशा बहुतेक गाठी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसतात, शस्त्रक्रिया टळते.

रंग उलटाही फसवतो. मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या घटकांनी, ठासून भरलेली पेशीही लालसर दिसते, आणि तिच्यात ग्रोथ हॉर्मोनचा पत्ता नसतो.

पुढे एकेका संप्रेरकाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी आल्या आणि रोजचं काम पुन्हा साध्या सूक्ष्मदर्शकावर परतलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने पेशीचं कुळ ठरवणाऱ्या प्रथिनांना, पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१ यांना, मुख्य आधार मानलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आता क्वचितच लागतो.

एका ठिकाणी मात्र त्याची भाषा टिकली आहे. ग्रोथ हॉर्मोनच्या काही गाठींत केंद्रकाशेजारी तंतूंचा गोल पुंजका असतो. केराटिन या तंतुमय प्रथिनाच्या रंजनात तो तपकिरी ठिपका होऊन उठतो. असे ठिपके बहुतांश पेशींत दिसले, तर ग्रोथ हॉर्मोन रोखणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन कमी लागू पडण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर अहवालातली ती ओळ आधी शोधतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या काळापासून अशा गाठीचं नाव तेच आहे. ती ओळ असते 'विरळ कणिकांची गाठ', जरी अहवाल लिहिणाऱ्याने एकही कणिका पाहिलेली नसली तरी.