सा पाचा ट्रेक: आधी घर ठरवा, मग वाट

नमस्कार मंडळी!

"व्हिएतनामला चाललोय, सा पाला दोन-तीन दिवसांचा ट्रेक करायचाय, कुठलं पॅकेज घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर दरवेळी तेच. पॅकेज राहू दे बाजूला, आधी रात्री कोणाच्या घरी झोपणार ते ठरवा.

कारण सांगतो. सा पाच्या आसपास 'होमस्टे' ही पाटी कोणीही लावतं. आत जावं तर बंक बेड, बार, वायफाय, आणि मालक हनोईचा. घरातली माणसं म्हणून जी दिसतात ती पगारी. वाईट काही नाही, झोप छान लागते. पण आपण ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते तिथे नाही.

(स्क्रीनवर नकाशा)

हे बघा, हनोई. इथून रात्रीची ट्रेन पकडली की सकाळी लाओ काय नावाच्या शहरात, आणि पुढे साधारण ३८ किलोमीटरचा घाट चढून सा पा. नाहीतर थेट स्लीपर बस आहे, पाच-सहा तासांत पोचवते. सा पा साधारण दीड हजार मीटर उंचीवर, फ्रेंचांच्या काळातलं थंड हवेचं ठिकाण. समोर फान्सिपान, व्हिएतनामचं सगळ्यात उंच शिखर. २०१६ पासून तिथे रोपवे आहे, त्यामुळे गर्दी तिकडे वळते. वळू दे.

आपण खाली उतरायचं, मुओंग होआच्या खोऱ्यात. पहिल्या दिवशी लाओ चाय, हे काळे ह्मोंग या डोंगरी जमातीचं गाव (नाव त्यांच्या गडद कपड्यांवरून), आणि पुढे ता वान, तिथे झ्याय लोक. दहा-बारा किलोमीटर चाल. दुसऱ्या दिवशी बांबूच्या रानातून ज्यांग ता चाय, तिथे ह्मोंगही आहेत आणि लाल झाओही. इंग्रजीत 'दाओ' लिहिलेलं दिसेल, म्हणायचं झाओ. तिसऱ्या दिवशी गाडी करून सा पाच्या दुसऱ्या अंगाला, ता फिनला.

लाओ चाय आणि ता वानमध्ये आता हॉटेलंच जास्त झालीत. म्हणून मुक्काम जरा आडबाजूच्या वस्तीत करा. आणि गाईड स्थानिक घ्या. सा पात ह्मोंग बायका स्वतः गाईडचं काम करतात. बऱ्याच जणी पर्यटकांशी बोलून बोलूनच इंग्रजी शिकल्यात, आणि ते फर्डं असतं! थेट त्यांच्याशी ठरवलं तर पैसे त्यांच्याच हातात जातात. ठरवताना दोनच गोष्टी विचारा: घर कोणाचं, आणि जेवायला आमच्याबरोबर कोण बसणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

चालताना तुमच्या लक्षात येईल, सोबतच्या बाईचे हात मोकळे नाहीत. सालीच्या पट्ट्या ती बोटांनी एकमेकींना जोडत, पिळत चाललेली असते आणि तयार झालेला दोरा हातावर गुंडाळत जाते. चिखलाच्या उतारावर आपण चारी पायांवर आलेलो असतो, आणि तिच्या दोऱ्याला गाठ नाही. ही साल भांगेच्या झाडाची. हो, तेच झाड, पण इथे कापडासाठी. विणलेलं कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं, जवळजवळ काळं दिसेपर्यंत. घराबाहेर निळीचं पिंप दिसेल. घरातल्या आजींचे हात बघा, मनगटापर्यंत निळसर.

काही बायका सा पापासूनच तुमच्याबरोबर चालायला लागतात, हात देतात, गप्पा मारतात, आणि शेवटी टोपलीतून विकायच्या पिशव्या काढतात. काहींना याचा राग येतो. मला नाही येत; दिवसभर हात धरून उतरवलंय, एक पिशवी घ्या की! नको असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच हसून सांगा. मात्र लहान मुलांकडून काही घेऊ नका, त्या धंद्यापायी त्यांची शाळा सुटते. आणि ती पिशवी घरी पहिल्यांदा वेगळी धुवा, निळीचा रंग जातो.

घरात चूल, माळ्यावर मक्याची कणसं, झोपायला गादी आणि मच्छरदाणी. दारासमोरच्या भिंतीवर कागद चिकटवलेले दिसले तर ते त्यांचं देवघर. तिथे सॅक टेकवू नका.

ता फिनला लाल झाओ बायका ओळखू येतात त्या लाल मुंडाशामुळे. तिथलं औषधी पाल्याचं स्नान चुकवू नका. जंगलातला पाला उकळून ते गरम, तपकिरी पाणी लाकडी पिंपात ओततात, आणि आपण गळ्यापर्यंत आत. मुळात हे बाळंतिणीसाठी. आपल्याकडच्या शेक-शेगडीचीच बहीण म्हणा ना! पंधरा मिनिटांच्या वर बसू नका, आणि उठताना सावकाश, चक्कर येते.

शाकाहारी मंडळी, नीट ऐका. भाजी डुकराच्या चरबीत परततात आणि वर मासळीचं पाणी, म्हणजे फिश सॉस, घालतात, आणि ते त्यांना मांसाहार वाटतही नाही. गाईडला आदल्या दिवशी सांगा: 'अन चाय', म्हणजे शाकाहारी, आणि चरबी नको, तेल वापरा. मग टोफू, भात, सुसू, म्हणजे चायोटे या वेलभाजीचे कोवळे कोंब लसूण घालून. मी दोनदा वाढून घेतो. मक्याची दारू पुढे येईल. पहिला पेला ओठाला लावा, पुढचे नाकारले तरी चालतात.

कधी जायचं? इथे भाताचं एकच पीक. मे-जूनमध्ये पायऱ्यापायऱ्यांची खाचरं पाण्याने भरतात, सप्टेंबरात पिवळी होतात. फोटो हवे असतील तर सप्टेंबर, पण तेव्हा पाऊसही असतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि कडाक्याची थंडी, घरात हीटर नाही. मी मार्च-एप्रिल निवडेन. खाचरं रिकामी असतात, पण वाटा कोरड्या. पावसात गेलात तर सा पात गमबूट भाड्याने मिळतात, आपले ट्रेकिंगचे बूट बॅगेतच ठेवा.

आणि एक. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळाने, सा पा ज्यात येतं त्याच लाओ काय प्रांतात, दरडी कोसळून गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. त्यामुळे पाऊस लागला आणि गाईड म्हणाली आज वरची वाट नको, तर हुज्जत घालू नका. चुलीपाशी बसा, आजींकडून मेणाने कापडावर नक्षी काढायला शिका. दिवस कसा गेला कळणार नाही.