उताराचं शहर : मार्क्वेट, मिशिगन

(दृश्य : ड्रोन. निळं पाणी, पाण्यात उभा काँक्रीटचा धक्का.)

सुपिरिअर सरोवर. आणि त्याच्या पाण्यात उभा हा काँक्रीट-पोलादाचा धक्का. लांबी जवळजवळ 295 मीटर, पाण्यापासून उंची सुमारे 26 मीटर. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं मार्क्वेट हे वीसेक हजार वस्तीचं शहर. बाजारपेठेतून सरळ खाली उतरत आलं की शिडाच्या होड्या, हिरवळ, फिरायला आलेली माणसं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारा हा धक्का.

1931-32 साली तो बांधला. 1971 साली बंद पडला. किनाऱ्याशी जोडणारा रेल्वेचा उंच पूल पुढे पाडून टाकला, म्हणून आज तो असा सुटा, बेटासारखा दिसतो. नवखा माणूस विचारतो, इथे रेल्वे कशाला? आणि तीही इतक्या उंचावर?

उत्तर आहे उतारात.

(दृश्य : गाडीतून. नेगॉनीकडे चढणारा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी.)

मार्क्वेटहून नेगॉनी हे खाणींचं गाव साधारण वीस किलोमीटर. एवढ्याशा अंतरात रस्ता दोनशे मीटरहून जास्त चढतो. वर लोखंडाच्या खाणी, खाली सरोवर. खनिज एकदा रेल्वेच्या वाघिणीत पडलं की पुढचं सगळं काम उतारावर सोपवायचं, या एका विचारावर हे शहर उभं राहिलं.

(दृश्य : नेगॉनी. दगडी पिरॅमिडचं स्मारक. तळ्याचा काठ.)

सप्टेंबर 1844. विल्यम बर्ट यांची सरकारी मोजणीची तुकडी या टील तळ्यापाशी आली आणि होकायंत्राची सुई वेडीवाकडी फिरू लागली. बर्ट यांच्याकडे स्वतः शोधलेलं दुसरं यंत्र होतं. ते सूर्यावरून दिशा दाखवायचं, त्यामुळे मोजणी अडली नाही. आणि सुई कशामुळे बिघडली हे शोधायला माणसं विखुरली, तर पायाखाली लोखंडच लोखंड.

पुस्तकांत गोष्ट साधारण इथेच सुरू होते. पण ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, ओजिब्वे लोकांची होती. मार्क्वेटच्या पश्चिमेचा हा सगळा मुलूख त्यांनी 1842 च्या तहात अमेरिकेला दिला, त्याला दोनच वर्षं झाली होती. 1845 साली जॅक्सन कंपनीची माणसं खनिज शोधत आली, तेव्हा त्यांना नेमक्या जागेवर नेलं ते मार्जी गेसिक या ओजिब्वे प्रमुखांनी. मोबदला म्हणून कंपनीने त्यांना खाणीतल्या हिश्शाचा कागद लिहून दिला. हिस्सा मात्र दिला नाही. मार्जी गेसिक वारले. त्यांची मुलगी शार्लट कॉबॉगम तो कागद घेऊन कोर्टात गेली. कंपनीचं म्हणणं, तुझ्या आईवडिलांचं लग्न आमच्या कायद्याने झालेलंच नाही, तू वारस कशी? मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 साली सांगितलं की ओजिब्वे रिवाजाने झालेलं लग्न हे लग्नच आहे, आणि निकाल शार्लटच्या बाजूने दिला.

(दृश्य : प्रेस्क आइल. झाडांखाली समाधीचा दगड.)

मार्क्वेटमधल्या प्रेस्क आइल या उद्यानात शार्लट आणि तिचे पती चार्ल्स यांची ही समाधी. इथे येणाऱ्या बहुतेकांची पावलं पुढे काळ्या खडकांकडे वळतात. कृपा करून इथे थांबा. या शहराच्या संपत्तीची पहिली वाट ज्या घराने दाखवली, ते हे घर.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. बर्फावरच्या घसरगाड्या, घोडे, लाकडी धक्के.)

सुरुवातीला खनिज बर्फावरून घसरगाड्यांनी यायचं. जंगल तोडून कोळसा पाडायचा, त्या कोळशावर भट्टी लावायची आणि तिथेच लोखंड काढायचं, असाही प्रयत्न झाला. पैसे सुटेनात. त्यापेक्षा खनिज तसंच दक्षिणेच्या कारखान्यांकडे पाठवलेलं परवडणार होतं, पण वाटेत, सुपिरिअरचं पाणी खाली उतरतं तिथे, सू सेंट मारीचा धबधब्यासारखा ओढ घेणारा प्रवाह. तिथे माल उतरवा, जमिनीवरून पलीकडे न्या, पुन्हा दुसऱ्या जहाजात चढवा. 1855 साली तिथे पाण्याचे दरवाजे, म्हणजे लॉक, बांधले गेले आणि जहाज मालासकट खाली उतरू लागलं. दोन वर्षांत खाणींपासून मार्क्वेटपर्यंत रेल्वे आली.

आता अडचण एकच. जहाज भरायचं कसं? मजूर एकचाकी ढकलगाड्या भरून फळीवरून जहाजावर न्यायचे. शे-दोनशे टनांचं गलबत भरायला दिवसच्या दिवस जायचे. मग 1850 च्या दशकाच्या अखेरीस याच किनाऱ्यावर कुणीतरी धक्काच उंच केला. रेल्वे वर, जहाज खाली आणि मध्ये कोठ्या.

(दृश्य : जुन्या धक्क्याचा जवळून शॉट. कोठ्यांच्या रांगा, गंजलेल्या पन्हळी.)

नीट बघा. प्रत्येक चौकट म्हणजे एका कोठीचं तोंड. वाघिणींची तळाची दारं उघडली की खनिज धडाधड या कोठ्यांत पडायचं. कोठीचा तळ तिरका. खाली जहाज लागलं की पोलादी पन्हळ खाली सोडायची, झडप उघडायची, आणि माल आपल्या वजनाने जहाजाच्या पोटात. जहाजावरची झाकणं 24 फुटांवर एक, कोठ्या 12 फुटांवर एक. एक सोडून एक पन्हळ नेमकी झाकणावर येते. सरोवरातली जहाजं धक्क्याच्या मापाने बांधली गेली आणि धक्के जहाजांच्या मापाने.

पण खनिज म्हणजे धान्य नव्हे. ओलं खनिज कोठीत चिकटून बसतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोठतं. मग माणसं लांबच लांब काठ्या घेऊन वर उभी राहायची आणि टोचून टोचून ते मोकळं करायची. खाली पंचवीस मीटर पोकळी, समोरून सरोवराचा वारा. वाघिणीत गोठलेला माल वाफेने वितळवायचा. उतार फुकट काम करतो असं कागदावर दिसतं. तो उतार चालू ठेवायला ही माणसं लागत होती. कॉर्नवॉलहून आलेली, फिनलंडहून, स्वीडनहून, इटलीहून आलेली.

(दृश्य : बेकरी. पेस्टीचं आवरण मुडपणारे हात.)

कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी ही पेस्टी आणली. आत बटाटा, कांदा, गोमांस आणि रुटाबागा नावाचा कंद. कडा अशा जाड मुडपायच्या. फिनिश लोकांनी ती आपलीशी केली आणि आज गावात प्रत्येकाचं पेस्टीचं दुकान ठरलेलं असतं.

(दृश्य : इश्पेमिंग. क्लिफ्स शाफ्ट खाणीचे काँक्रीटचे मनोरे.)

नेगॉनीशेजारच्या इश्पेमिंगमधले हे मनोरे 1919 सालचे. यांच्याखालून पिंजरे कामगारांना घेऊन जमिनीत उतरायचे. 1967 पर्यंत उतरत होते. इथून जवळच बार्न्स-हेकर खाणीत 3 नोव्हेंबर 1926 रोजी वरची जमीन खचून पाणी शिरलं. 51 माणसं गेली, एक जण जिवंत वर आला.

(दृश्य : प्रेस्क आइलचा चालू धक्का. मालगाडी, मागे जहाज.)

आणि हा दुसरा धक्का, 1911-12 सालचा. हा आजही चालू आहे. 200 कोठ्या, एका कोठीत 250 टन. वरून येणारा माल मात्र बदललाय. समृद्ध खनिज संपत आलं तशी हलक्या प्रतीचा दगड दळून त्यातलं लोखंड वेगळं करायची पद्धत आली. त्या पिठात बेंटोनाइट माती मिसळायची, फिरत्या पिंपात गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या.

(दृश्य : तळहातावर गोळी.)

ही त्यातली एक. वाटाण्याहून थोडी मोठी, राखाडी-तांबूस. बोटांत फिरवली की तांबडी भुकटी लागते. वजन आकाराच्या मानाने जास्त, कारण निम्म्याहून बरंच अधिक लोखंडच आहे. ही चिकटत नाही, गडगडते.

(दृश्य : पन्हळी खाली येतात. गोळ्यांचा प्रवाह. जहाजातून बाहेर पडणारं पाणी.)

जहाजाच्या कुशीतून पडणारं हे पाणी तोलासाठी भरलेलं असतं. माल आत येतो तसं ते बाहेर टाकत राहायचं, नाहीतर जहाज वाकेल. काही तासांत हे भरेल.

एम्पायर खाण 2016 साली बंद झाली. टिल्डन चालू आहे आणि या धक्क्याचं काम तिच्यावर चालतं.

(दृश्य : पुन्हा जुना धक्का. संध्याकाळ.)

या जुन्या धक्क्याचं काय करायचं, यावर गावात अधूनमधून बोलणं होतं. वर बाग करावी, लोकांना फिरता येईल असं काही करावं, अशा कल्पना निघतात. आमचं मत स्पष्ट आहे : तो असाच ठेवावा. पन्हळी काढू नयेत, कोठ्या बुजवू नयेत. प्रेस्क आइलची बाग आखायला 1891 साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना बोलावलं, तेव्हा एवढ्या मोठ्या उद्यानकाराने सल्ला दिला की इथे काही करू नका. गावाने ऐकलं, म्हणून ते जंगल आज आहे. खाणी पाण्याने भरल्या, भट्ट्यांच्या जागी झाडी माजली. काम कसं चालायचं हे नुसतं बघून समजेल असं या बंदरात एवढंच उरलंय.

बघायला याच. चालू धक्क्यावर जहाज लागणार असेल त्या दिवशी प्रेस्क आइलच्या रस्त्यावर कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी सगळं दिसतं. फक्त 15 जानेवारी ते 25 मार्च येऊ नका. त्या दिवसांत सूचे लॉक बंद असतात, आणि पन्हळी वर बांधलेल्या असतात.